अनुकृती आणि अभ्यास : तैलरंगातील व्यक्तिचित्राच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत 'अनुकरण' हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. एखाद्या कवीवर दुसऱ्याची छाया पडली आहे असे म्हटले, की त्याच्या कवितेचा निकाल लागला असे आपण मानतो. 'अस्सल' आणि 'उसने' ही जोडी आपल्या मूल्यविचारात इतकी खोलवर रुजलेली आहे, की ती तपासून पाहण्याची गरजही सहसा भासत नाही. चित्रकलेच्या, विशेषतः तैलरंगातील व्यक्तिचित्राच्या शिक्षणात मात्र जुन्या गुरूच्या चित्राची प्रत काढणे ही शतकानुशतके मान्य झालेली पद्धती आहे. रूबेन्सने माद्रिदमध्ये टिशियनच्या प्रती काढल्या, त्या तो स्वतः कीर्तीच्या शिखरावर असताना. सार्जंटने १८७९ साली प्रादोत बसून व्हेलास्केझ गिरवला आणि पुढल्याच वर्षी हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्स गिरवला. यांपैकी कोणालाही कोणी उसनवारीचा दोष दिला नाही. एकच कृती एका कलेत दूषण आणि दुसऱ्या कलेत विद्या ठरत असेल, तर त्या कृतीच्या स्वरूपाविषयी आपली कल्पना कुठेतरी अपुरी असली पाहिजे. प्रस्तुत लेखात या अपुरेपणाचा शोध घ्यावयाचा आहे. प्रत काढणारा नेमके काय शिकतो, आणि मूळ चित्र हाताशी नसताना, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा जशी स्थिती होती त्या स्थितीत, तो काय शिकू शकतो, असे दोन प्रश्न त्यासाठी विचारावे लागतील.

१

संस्कृत साहित्यशास्त्राने या विषयाचा विचार केलेला आहे आणि तो करताना रूपके चित्रकलेच्या परिसरातलीच घेतली आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात आनंदवर्धन दोन कवींच्या रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगतो : आरशातील प्रतिबिंबासारखे, आलेख्यासारखे म्हणजे चित्रासारखे, आणि दोन देहधारी माणसांमध्ये असते तसे. पहिल्याला स्वतःचा आत्मा नसतो, दुसऱ्याचा आत्मा तुच्छ असतो. म्हणून दोन्ही त्याज्य. तिसऱ्यात मात्र साम्य असूनही प्रत्येकाचा जीव वेगळा असतो, म्हणून ते त्याज्य नव्हे. राजशेखर 'काव्यमीमांसे'त हीच विभागणी पुढे नेतो, तिला परपुरप्रवेशाचा चौथा प्रकार जोडतो आणि 'आलेख्यप्रख्य' या दुसऱ्या प्रकाराचे लक्षण अधिक नेमके करतो. वस्तूवर थोडासा संस्कार केल्यामुळे जी वेगळी भासू लागते, ती आलेख्यप्रख्य.

या विभागणीची सूक्ष्मता वादातीत आहे. पण तिची एक मर्यादाही आहे. ती सिद्ध कृतीकडे पाहते. रचना पूर्ण झाल्यावर तिच्यात आत्मा आहे की नाही, एवढेच ती विचारते. कवी त्या रचनेपर्यंत कसा पोहोचला, साम्याच्या वाटेने जाताना त्याच्या हाताला आणि कानाला काय गवसले, हा तिचा विषय नाही. क्षेमेंद्राचे 'कविकंठाभरण' या दृष्टीने वेगळे पडते. छायेवर, पदावर, पादावर किंवा सबंध रचनेवर उपजीविका करणाऱ्या कवींच्या श्रेणी तो लावतो, आणि अर्थाची पर्वा न करता केवळ वृत्त साधण्यासाठी रचना करून पाहण्याचा अभ्यासही सांगतो. ही दृष्टी शिक्षकाची आहे. तिला उसनवारीत एक पायरी दिसते, आणि कोणत्या पायरीवर किती काळ थांबायचे हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. 'कृती म्हणून अनुकृती' आणि 'अभ्यास म्हणून अनुकृती' असा भेद येथे करता येतो. आपल्या समीक्षेने पहिलीचे निकष दुसरीला लावले, यात आपल्या गोंधळाचे मूळ आहे.

२

अभ्यास म्हणून केलेल्या अनुकृतीत काय घडते हे समजण्यासाठी तैलचित्राच्या घडणीकडे पाहावे लागते. तैलचित्र थरांचे असते. कॅनव्हासवर अस्तर, अस्तरावर पातळ रंगाची एक सरसकट छटा, तिच्यावर मोजक्या मातकट रंगांत छायाप्रकाशाची मांडणी, त्यानंतर अंगकांतीचे जाड रंग आणि अखेरीस तेलात विरघळलेले पारदर्शक लेप. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक असावे लागते. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर, आणि चित्राला भेगा पडतात. रेम्ब्राँच्या वृद्ध चेहऱ्यांवर शिशाच्या पांढऱ्या रंगाचे उंचवटे असतात. सावल्या मात्र इतक्या पातळ, की त्यांतून खालचा तपकिरी थर श्वास घेत राहतो. प्रकाश जाड आणि सावली पातळ, हा त्याच्या व्याकरणाचा एक मूलभूत नियम म्हणता येईल.

परंतु प्रेक्षकाला दिसतो तो फक्त शेवटचा क्षण. चित्राचा पृष्ठभाग आपल्या घडणीचा क्रम लपवतो. प्रत काढणारा जेव्हा या पृष्ठभागासमोर बसतो, तेव्हा त्याला आधी हे ठरवावे लागते, की गालावरची ही उबदार छटा वरून दिलेल्या लेपाची आहे की खालून झिरपलेल्या थराची. दोन्ही रीतींनी ती जवळजवळ सारखीच दिसू शकते. पण चुकीची रीत घेतली तर पुढच्या तिसऱ्या टप्प्यावर हात अडकतो. हे अडकणे हीच प्रत काढण्यातली खरी विद्या आहे. पाहून जे कळत नाही ते अडल्यावर कळते. प्रत काढणारा चित्राचा काळ पुन्हा रचत असतो आणि साम्य हे त्या पुनर्रचनेचे उपफळ असते. लूव्रमध्ये प्रत काढणाऱ्यांवर आकाराचे बंधन आहे; प्रत मुळापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान किंवा मोठीच असावी लागते. खोट्या प्रतींना आळा बसावा हा त्याचा हेतू. परंतु आकार बदलला की प्रत्येक फटकाऱ्याची लांबी नव्याने ठरवावी लागते, आणि नकळत ते बंधन शिक्षकाचे काम करते.

रेनल्ड्सने रॉयल अकादमीतील आपल्या दुसऱ्या व्याख्यानात, १७६९ साली, सरसकट प्रत काढण्याला फसवा उद्योग म्हटले होते. विद्यार्थ्याला वाटते आपण काम करतो आहोत. प्रत्यक्षात निवड करण्याची आणि रचण्याची शक्ती झोपी गेलेली असते. त्याने सुचवलेला पर्याय विचार करण्याजोगा आहे. गुरूच्या चित्राला जोड म्हणून शोभेल असे, तशाच विषयाचे चित्र स्वतः रंगवावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. हाच रेनल्ड्स व्हेनिसच्या चित्रकारांचे रहस्य हाती यावे म्हणून जुनी चित्रे खरवडून त्यांचे थर तपासत असे, ही गोष्ट त्याच्या उपदेशाइतकीच बोलकी आहे. पृष्ठभागावरून क्रम कळत नाही हे त्याला पुरते ठाऊक होते.

३

आता आपल्याकडे वळू. तैलरंगातील व्यक्तिचित्र महाराष्ट्रात आले ते गुरूसह आले, असे म्हणता येते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना त्याने तैलरंगात उतरवले. पुण्याचे गंगाराम तांबट याच मॅलेटसाठी काम करत होते, वेल्सचे काम जवळून पाहत होते, आणि त्यांच्या हाताची तयारी पेशव्यांच्या प्राणिसंग्रहालयातील गेंड्याच्या चित्रात किंवा वेरूळच्या आलेखनांत आजही दिसते. तरीही तांबटांचे जे काम आपल्याला ज्ञात आहे ते कागदावरचे आहे. गुरू समोर होता, पण तैलमाध्यम शिष्याच्या हाती संक्रमित झाले नाही. १७९५ साली वेल्सचा मृत्यू झाला. त्याच्या अभ्यासचित्रांवरून पेशव्यांच्या दरबाराचे भव्य तैलचित्र पुढे १८०५ साली रंगवले ते थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराने. याउलट त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सनला रंगवताना केवळ पाहण्याची मुभा मिळालेल्या तरुण रविवर्म्याने, १८६८ नंतर, ते माध्यम आपलेसे केले. गुरूची उपस्थिती ही शिकण्याची पुरेशी अट नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. साहित्य, सवड आणि चुकत चुकत पुन्हा रंगवण्याची मोकळीक मिळाली तरच पाहणे हे शिकणे होते.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अनुकृतीचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो अजिंठ्याच्या संदर्भात. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी लेण्यांतील चित्रांच्या प्रती काढल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक झाला. येथे कॅनव्हास आणि तैलरंग युरोपचे होते, आणि जुना गुरू मात्र इथला, अनाम, दीड हजार वर्षांपूर्वीचा होता. मूळ चित्रे सुक्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली. त्यांत आकार उभा राहतो तो रेषेने आणि वर्तनेने, म्हणजे कडेकडून आत येणाऱ्या गडदपणाने. प्रकाश एका खिडकीतून आलेला नसतो. तैलरंगाची अकादमिक शिस्त मात्र एकाच दिशेच्या प्रकाशावर उभी आहे. या विद्यार्थ्यांना मुळाचा क्रम तैलरंगात पुन्हा रचता येणे शक्यच नव्हते, कारण तसा क्रम मुळात नव्हता. त्यांना एका व्याकरणातील वाक्य दुसऱ्या व्याकरणात मांडायचे होते. म्हणजे ते भाषांतर करत होते.

या उद्योगाची शोकांतिकाही नोंदवली पाहिजे. रॉबर्ट गिलने आधी काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या अनेक प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. प्रती काढण्याच्या काळात मूळ चित्रांवर चढवलेले वार्निश पुढे काळवंडले आणि भिंतीवरचे चेहरे त्याखाली मंद झाले. जी अनुकृती मुळाचे जतन करण्यासाठी सुरू झाली, तिने मुळालाच इजा पोहोचवली. अनुकृतीच्या कोणत्याही सिद्धान्ताने हा धडा विसरता कामा नये.

युरोपीय गुरूंबाबत स्थिती याच्या उलट होती. माध्यम तेच, पण मूळ चित्र दूर. टाटांच्या संग्रहातील युरोपीय चित्रे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आली ती १९२० नंतर. त्याआधी शिकलेल्या पिढीला रेम्ब्राँ किंवा व्हेलास्केझ मुख्यतः छापील चित्रांतूनच भेटत असणार. आन्तोनियो शाविएर त्रिंदाद या गोमंतकीय चित्रकाराला 'पूर्वेकडचा रेम्ब्राँ' ही पदवी मिळाली, तिचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. अशा पदव्या आपल्या साहित्यातही मुबलक आहेत. कोणी इथला वर्डस्वर्थ असतो, कोणी इथला मोलिएर. या पदव्या गौरव करता करता माणसाला दुय्यम ठरवतात. त्रिंदाद यांनी घरातल्या स्त्रियांना समोर बसवून काढलेली चित्रे पाहिली, म्हणजे ही पदवी त्यांच्या कामातले सर्वांत अवघड ते झाकते, असे दिसून येते. रेम्ब्राँची अंगकांती डच त्वचेची आहे. तिच्यातला पांढरा, गेरू आणि लाल यांचा हिशेब जसाच्या तसा उचलून गव्हाळ वा सावळ्या चेहऱ्याला लावला, तर चेहरा राखाडी होतो किंवा रंगभूमीवरच्या नटासारखा माखलेला दिसतो. सावळ्या त्वचेवर उजेडाचा बिंदू शीतल, किंचित निळसर असतो, आणि मधल्या छटांमध्ये श्रीमंती असते. म्हणून येथील चित्रकाराला रेम्ब्राँकडून रंग घेता येत नाही. घेता येते ते रंगांचे परस्परप्रमाण, उजेड आणि अंधार यांच्यातले अंतर. हे अंतर एका काळ्या-पांढऱ्या छापील चित्रातही बऱ्याच अंशी टिकून असते. म्हणजे जे दुरूनही पोहोचू शकत होते नेमके तेच कामाचे होते, आणि जे वाटेत गळून गेले ते इथे येऊनही उपयोगाचे नव्हते. त्रिंदादांच्या चित्रांतला उजेड रेम्ब्राँच्या शिस्तीचा आहे आणि त्वचा इथल्या घरातली आहे. आनंदवर्धनाच्या परिभाषेत हे आलेख्यवत् साम्य नव्हे, तुल्यदेहिवत् साम्य आहे.

व्हॅन गॉगने १८८९-९० साली सें-रेमीच्या रुग्णालयात मिलेची चित्रे गिरवली तीही काळ्या-पांढऱ्या छापांवरून. त्या कामाला त्याने रंगांच्या भाषेत केलेले भाषांतर मानले, आणि दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी स्वतःची तुलना केली. जे छापात नव्हते ते त्याला स्वतः ठरवावे लागले, आणि जे त्याने स्वतः ठरवले त्यातच तो दिसतो. मुळाचा अभाव ही नेहमीच हानी नसते. मात्र अभावाचे भान असेल तरच तो फलदायी होतो. भान सुटले की छापालाच मूळ समजण्याचा धोका उभा राहतो.

४

हा धोका आपल्याकडे कल्पित नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे पुणे जिल्ह्यात मळवलीला गेलेला रविवर्म्याचा छापखाना घराघरांत चित्रे घेऊन गेला. अनेक हौशी चित्रकारांचा पहिला गुरू हा छाप होता. पण शिळाछापात तेलाचा लेप नसतो, थर नसतात. असतो तो सपाट, गुळगुळीत शेवट. त्यावरून शिकणारा गुळगुळीतपणालाच तैलरंगाचा गुण मानू लागतो. पुणे-नगर रस्त्यावरील शिक्रापूरसारख्या गावात शाळेच्या सभागृहात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात राष्ट्रपुरुषांची जी हाती रंगवलेली व्यक्तिचित्रे लागत आली, त्यांची घडण बहुधा अशीच : छापावर चौकटी पाडायच्या, त्या मोठ्या करून कॅनव्हासवर उतरवायच्या आणि चौकटीगणिक रंग भरायचा. या पद्धतीत कौशल्य नाही असे नाही. तिने अनेक होतकरू हातांना पोटापाण्याला लावले आणि गावाला त्याचे चेहरे दिले. परंतु चौकट हे क्रम टाळण्याचे साधन आहे. डोळा रंगवताना कपाळाचा विचार करण्याची गरज ती उरू देत नाही. पुढे फ्लेक्सच्या छपाईने या कारागिराची जागा घेतली ती इतक्या सहजपणे याचे एक कारण हेही असावे, की चौकटीचे काम यंत्र अधिक बिनचूक करते.

छापालाच मूळ समजण्याने काय होते याचे ठळक उदाहरण शिवाजी महाराजांच्या चित्राचे आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत महाराजांचे म्हणून जे चित्र प्रचारात होते, ते दुसऱ्याच व्यक्तीचे होते. प्रतीवरून प्रत निघत गेली, प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीशी प्रामाणिक राहिली, आणि ही प्रामाणिकताच चूक पक्की करत गेली. मुळाविषयी प्रश्न न विचारणारी अनुकृती कितीही निष्ठावान असली तरी ज्ञान देत नाही.

आज स्थिती पालटली आहे. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियमने रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'चे ७१७ अब्ज बिंदूंचे छायाचित्र २०२२ साली सर्वांसाठी खुले केले. शिक्रापूरच्या एखाद्या मुलीला आपल्या हातातल्या फोनवर त्या चित्रातील एकेक भेग पाहता येते. त्रिंदादांच्या पिढीला जे लाभले नाही ते तिला फुकट लाभले आहे. पण पडद्यावरचा प्रकाश मागून येतो, कॅनव्हासवरचा समोरून. उंचवट्याची सावली पडद्यावर हलत नाही. तिला अधिक दिसते, पण क्रम आपोआप कळत नाही. म्हणून तिला ही साधने हवीतच, आणि त्यांच्या जोडीला एकदा तरी खऱ्या तैलचित्रासमोर, बाजूने उजेड घेऊन उभे राहण्याची सोयही हवी. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय एका संस्थानिकाने ही गरज ओळखली होती याची साक्ष आहे. तालुक्याच्या पातळीवर अशी सोय असावी ही मागणी सांस्कृतिक चैनीची नाही, शिक्षणाची आहे.

५

साहित्याच्या विद्यार्थ्याला या साऱ्याचा उपयोग काय? नेल्सन गुडमन याने १९६८ साली केलेला एक भेद येथे मार्गदर्शक ठरतो. काही कलाकृती कर्त्याच्या हाताशी बांधलेल्या असतात, काही केवळ अक्षरांच्या अनुक्रमाशी. चित्राची हुबेहूब प्रत म्हणजे ते चित्र नव्हे. कवितेची बिनचूक प्रत मात्र ती कविताच असते. शिक्रापूरहून जो रस्ता चाकणला जातो, त्या चाकणच्या संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्यांच्या वहीतला अभंग तुकोबांचाच आहे, संताजींचा नाही. म्हणून लेखनिकाची निष्ठा पूर्ण असली तरी तीतून कवी घडत नाही, आणि घडावा अशी तिची अपेक्षाही नसते. साहित्यात प्रत काढण्याला चित्रशाळेतील अर्थाने समांतर अशी कृती शोधायची तर ती लिप्यंतरात सापडणार नाही. ती भाषांतरात आणि रूपांतरात सापडेल, कारण तेथेच क्रम पुन्हा रचावा लागतो.

गोविंद बल्लाळ देवल हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा परकृतींवर आधारलेली आहेत. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंझारराव', 'शापसंभ्रम' अशी संस्कृत आणि इंग्रजी नमुने गिरवण्याची वाट चालल्यावर १८९९ साली 'शारदा' आली, आणि ती त्यांची एकमेव स्वतंत्र रचना. आपली समीक्षा 'शारदे'ला अस्सल म्हणून वेगळी काढते आणि बाकीची नाटके परिशिष्टात ढकलते. पण 'शारदे'तील संवादांचा बोलका वेग, प्रसंगाच्या शेवटी नेमके थांबण्याचे भान, ही विद्या कुठे मिळाली? शूद्रकाची बोलभाषा आणि शेक्सपिअरचा संशय मराठीत आणताना जेथे जेथे हात अडला असेल, तेथे ती मिळाली असणार. 'शारदा' ही रेनल्ड्सने सुचवलेल्या जोडचित्रासारखी आहे. ती गुरूंच्या शेजारी उभी राहते. गुरूंचा विषय तिला लागत नाही.

याहून उद्बोधक 'संशयकल्लोळ' आहे. मोलिएरच्या प्रहसनावरून इंग्रजीत मर्फीने रचलेल्या नाटकाचे ते रूपांतर. म्हणजे प्रतीची प्रत. मूळ गुरू दोन भाषांच्या पलीकडे. तरीही फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संसार पुण्याच्या एखाद्या आळीतला वाटतो. त्रिंदादांच्या बाबतीत जे घडले तेच येथेही घडले : प्रमाण आले, त्वचा इथलीच राहिली. आणि हे नाटक आपल्या अंतिम रूपात 'शारदे'नंतर रंगभूमीवर आले हे ध्यानात घेतले, तर अनुकृती ही केवळ नवशिक्याची पायरी आहे या समजुतीलाही धक्का बसतो. रूबेन्ससारखा देवलांनाही गुरूकडे परत जाण्यात कमीपणा वाटला नाही.

देशी आणि परकीय यांच्या वादात आपण प्रत्येक उसन्या घाटाला मूळ कोठले हे विचारत आलो. तो प्रश्न गैर नाही. राज्यकर्त्यांच्या कलेची प्रत काढणाऱ्या समाजाला तो विचारावाच लागतो, आणि अजिंठ्याच्या काळवंडलेल्या भिंती त्याची निकड सांगतात. पण तो पुरेसा नाही. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा : या अनुकृतीत कर्त्याला स्वतः काय काय ठरवावे लागले? चौकटी पाडून उतरवलेल्या चेहऱ्याबाबत याचे उत्तर जवळजवळ शून्य येईल, 'झुंझाररावा'बाबत ते बरेच मोठे येईल, आणि त्रिंदादांच्या एखाद्या चित्राबाबत ते इतके मोठे येईल, की मग त्यांना कोणाच्या नावाने ओळखावे हा प्रश्नच गळून पडेल. अनुकृतीचे मूल्यमापन साम्याच्या मोजपट्टीने न करता अशा निर्णयांच्या मोजपट्टीने केले, तर आपल्या एकोणिसाव्या शतकातील साहित्याचा बराच मोठा भाग, जो आज 'भाषांतरयुग' या एका शब्दात गुंडाळला जातो, एका मोठ्या चित्रशाळेसारखा पुन्हा वाचता येईल. आणि कोणत्या फलकासमोर कोणाचा हात अडला होता, हे त्या वाचनातून दिसू लागेल.